'शाळा सोडण्याचे कारण' : पुराभिलेख संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन,
मुंबई.

विषय : मुंबईतल्या मुलांच्या आणि तरुणांच्या जुन्या नोंदी रद्दीत जाण्याआधी त्यांची यादी करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. जनरल रजिस्टर भरायचं आणि त्यावरून दाखले काढायचे, हे माझं मुख्य काम. इतिहासाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण मुंबईच्या मुलांचा इतिहास कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आणि कुठल्या गळक्या छपराखाली पडला आहे, हे शाळांच्या ऑफिसांत बसणाऱ्या माझ्यासारख्यांना ठाऊक असतं. ते आपल्या कार्यालयाच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. उघडपणे लिहिण्याचं कारण एवढंच, की ज्यांच्या ताब्यात ही कपाटं आहेत ते मुख्याध्यापक, विश्वस्त, वसतिगृहांचे अधीक्षक आणि महापालिकेच्या शाळांवर देखरेख ठेवणारे बीट ऑफिसर यांनीही ते वाचावं.

जनरल रजिस्टर म्हणजे आडव्या पानांचं, कापडी पुठ्ठ्याचं, एका हाताने उचलत नाही असं बाड. नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख आधी आकड्यांत मग अक्षरांत, याआधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. आईच्या नावाचा रकाना फार उशिरा आला. यातले प्रगती आणि वर्तणूक हे रकाने वाचण्यात काही अर्थ नाही. प्रगती 'बरी', वर्तणूक 'चांगली', आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा. ज्याने मास्तरांच्या सायकलची हवा काढली त्याचीही वर्तणूक चांगलीच. पण 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात कारकुनाला काहीतरी खरं लिहावं लागतं, कारण पालक टेबलापुढे उभा असतो.

'गावी गेला.' 'गिरणीत लागला.' 'आई आजारी, घरी धाकटी भावंडे.' 'फी थकल्याने नाव कमी.' 'लग्न.' 'मयत.' मुलींच्या पानांवर पाचवी-सहावीनंतर 'घरकाम' इतक्या वेळा येतं, की लिहिणाऱ्याला ते कारण वाटतच नसावं, रिवाज वाटत असावा. 'रात्रशाळेत प्रवेश' असं दिसलं की समजायचं, पोरगं कामाला लागलं आणि बापाला किंवा पोराला अजून शिक्षणाची आशा आहे. या शहरात दिवसा कपबशा विसळून रात्री सातला वर्गात बसणाऱ्या मुलांनी मॅट्रिक केलं आणि त्यातली काही पुढे साहेबही झाली. त्यांच्या आयुष्यातला हा सांधा कुठे नोंदलेला असेल तर या एका रकान्यात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपावर लिहिलं गेलं, बोललं गेलं, नाटकं झाली. डॉ. दत्ता सामंत, युनियन, मालक, जमिनी, सगळ्यांवर झालं. आमच्या रजिस्टरात मात्र तो संप वेगळा दिसतो. जून उजाडेपर्यंत फारसं काही नाही. लोकांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग शाळा उघडली की पानामागून पान 'गावी गेला', 'गावी गेली', आणि जन्मठिकाणाच्या रकान्यात संगमेश्वर, पाटण, आजरा. एकाच घरातली तीन भावंडं एकाच तारखेला. थोरला मात्र नाही गेला. त्याच्यापुढे महिन्या-दोन महिन्यांनी 'कामास लागल्याने'. त्या घराने पोटासाठी स्वतःची फाळणी कशी केली, हे तीन ओळींत कळतं. जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर कोणत्या वस्तीतून किती मुलांनी 'घर बदलले' म्हणून दाखले नेले, हेही जोगेश्वरी, धारावी, डोंगरीकडच्या रजिस्टरांवरून मोजता येईल. त्यासाठी ती रजिस्टरं आधी जागेवर असायला हवीत.

जन्मतारखांची तर वेगळीच कथा. महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो, यावर आपण सगळेच हसतो. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापांना साल धड सांगता यायचं नाही, मग मास्तर पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहाचं, लिहा एक जून. पण यात एकटे मास्तरच नव्हते. सरकारनेही हेच केलं, फक्त कानाऐवजी दात पाहिले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास. १९२२ मध्ये किमान वय बारा. पण गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या पोराचं वय कुणाला माहीत? मग दाखला देणारा सरकारी सर्जन त्याच्या तोंडात डोकावून किती दात आले ते बघायचा आणि त्यावर वय लिहायचा. एकच पोर दोन नावांनी दोन दाखले काढून दिवसात दोन गिरण्यांत राबतं, ही तक्रार सरकारदरबारी चांगलीच जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या मागण्या घेऊन १८८४ मध्ये उभे राहिले, त्याच काळातलं हे सगळं.

आता आपल्या दफ्तराकडे येते. १८२१ मध्ये सुरू झालेलं 'बॉम्बे रेकॉर्ड ऑफिस' म्हणजे आजचं आपलं कार्यालय, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. कारखाना कायद्याची बाडं आपल्याकडे आहेत, शिक्षण खात्याची आहेत, न्याय खात्याची आहेत. मुलं त्या सगळ्यांत आहेत, पण 'मुलं' म्हणून कुठेच नाहीत. शाळेत गेली तर शिक्षण खात्यात, चोरी केली तर न्याय खात्यात, गिरणीत गेली तर सामान्य खात्यात, मेली तर आरोग्याच्या अहवालात. मोठ्या माणसांना ज्या वेळी मुलाचं काही करायचं असेल त्याच वेळी मूल कागदावर आलं, आणि ज्या खात्याने करायचं त्याच खात्यात पडून राहिलं. शोधणाऱ्याला चार-पाच खात्यांच्या सूच्या चाळाव्या लागतात. आपल्या सूचीत 'मुले व तरुण' असा एक विषय उघडून त्याखाली या विखुरलेल्या बाडांचे क्रमांक एकत्र दिले, तरी अर्धी पायपीट वाचेल. या कामाला निविदा लागत नाही.

छापील अहवालांवर मात्र फार विसंबू नये. १९२१ सालचा मुंबईतला बालमृत्यूचा दर हजारी साडेसहाशेच्या वर छापलेला आहे. वाचून पोटात गोळा येतो. पण गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर जायच्या. जन्म गावी नोंदला जायचा, किंवा जायचाच नाही. मूल दोन-चार महिन्यांचं होऊन इथे आलं आणि दगावलं की मृत्यू मुंबईच्या खात्यावर. म्हणजे भागाकारातला खालचा आकडा कमी आणि वरचा जास्त. तरीही तो दर भयानकच होता, यात शंका नाही. एका खोलीत कोंबलेल्या संसारांत तो सगळ्यात जास्त होता, आणि आई पाळीवर गेली की तान्ह्याला झोपवून ठेवायला अफूची बाळागोळी दिली जायची, हे त्याच दशकात गिरण्यांतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी सरकारला लिहून दिलं होतं. खरं काय घडलं हे कळायला छापलेला दर पुरत नाही. वॉर्डातली जन्ममृत्यूची मूळ पुस्तकं लागतात, १८८६ मध्ये उघडलेल्या कामा हॉस्पिटलसारख्या ठिकाणची प्रसूतीची रजिस्टरं लागतात, १९२९ च्या वाडिया बाल रुग्णालयाचे जुने केस पेपर लागतात. ती सगळी आपल्या छपराखाली आणा, असं मी म्हणत नाही. ती आहेत की नाहीत, कुठल्या सालापासून आहेत, एवढं आपल्याकडे एका पानावर असावं.

डोंगरीचं उदाहरण घेते. उमरखाडीच्या बालगृहाला लोक अजून 'डोंगरीचा रिमांड होम'च म्हणतात. ती वास्तू मुळात तुरुंगाची. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. पुढे १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, मुलांसाठी वेगळं कोर्ट बसू लागलं आणि कालांतराने त्या भिंतींच्या आत मुलं राहू लागली. दोन थोर माणसांच्या १०१ दिवसांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण त्याच भिंतींआड पिढ्यान्पिढ्या राहून गेलेल्या मुलांपैकी पुस्तक कोण लिहिणार होतं? अशा मुलांचं जे काही उरतं ते केस पेपरात : कोणत्या स्टेशनवर सापडला, गावाचं नाव काय सांगतो, बाप काय करतो, अंगावर कसल्या खुणा, घरी पाठवायचा की ठेवायचा. प्रोबेशन ऑफिसरच्या त्या चार वाक्यांत एखाद्या मुलाचं स्वतःचं म्हणणं चुकून शिरलेलं असतं. मुंबईत अशा संस्थांची परंपरा त्याहून जुनी आहे. १८५० मध्ये डॉ. जॉर्ज ब्युइस्ट यांनी सुरू केलेली आणि पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली गेलेली सुधारशाळा, त्याच वर्षी गरीब आणि अनाथ मुलांना उमेदवारीवर बांधून देण्यासाठी आलेला अप्रेंटिस कायदा, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ उघडलेलं शारदा सदन. प्रत्येक ठिकाणी दारातून आत येणाऱ्या मुलाचं नाव कुणीतरी वहीत लिहिलं असणार. आणि जिचं नाव वहीत न राहता थेट कोर्टात गेलं ती रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुंबईची मुलगी मोठी झाल्यावर नांदायला जाणार नाही म्हणाली, खटला झाला, वर्तमानपत्रांतून रणकंदन झालं, म्हणून आज आपल्याला तिचं म्हणणं माहीत आहे. बाकीच्या अकरा वर्षांच्या नवऱ्या 'लग्न' या एका शब्दात संपल्या.

आता अडचणीचा मुद्दा. मुलांच्या नोंदी जपा म्हटलं की अधिकारी लगेच कायदा दाखवतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला नव्याने सुरुवात करायचा हक्क दिला आहे; त्याची ओळख उघड करायला बंदी आहे; दोषी ठरल्याच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून मग नष्ट करायच्या, अपवाद फक्त ठरावीक अतिगंभीर गुन्ह्यांचा, असा त्याखालचा नियम आहे. हे योग्यच आहे. सोळाव्या वर्षी केलेली चूक तिसाव्या वर्षी नोकरीच्या चौकशीत समोर यावी, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण हा नियम दोषी ठरलेल्या मुलांच्या नोंदींपुरता आहे. १९३५ मध्ये बोरीबंदरला चुकलेल्या पोराची प्रवेशनोंद, १९५० सालचा वसतिगृहाचा हजेरीपट, शिवणवर्गातल्या मुलींची यादी, यांना तो लावायचं कारण नाही. तो लावला जातो, कारण त्यामुळे माळा मोकळा करायला कायदेशीर निमित्त मिळतं.

आणि या नोंदी फक्त अभ्यासकांना लागतात असंही नाही. लहानपणी परदेशी दत्तक गेलेली, आता चाळिशी-पन्नाशीला आलेली माणसं मुंबईत येतात आणि आपण कुणाच्या पोटी जन्मलो, कुणी कुठे सोडलं, एवढंच विचारतात. त्यांच्यापुढे कुणी वही ठेवू शकतं, कुणी नुसती मान हलवतं. म्हणून माझं म्हणणं असं की, नष्ट करणं आणि उघडं करणं यांच्या मधला रस्ता आपल्या कार्यालयाने नियमाने आखून द्यावा. बालगृहं, अनाथाश्रम, सुधारशाळा यांच्या नोंदी नावानिशी शंभर वर्षं बंद ठेवा. ज्याची नोंद आहे त्याला स्वतःची केव्हाही बघू द्या. अभ्यासकाला नाव-गाव झाकून द्या. शाळांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना हाही असाच जपून हाताळायचा. जुन्या कारकुनांनी तिथे काय काय आणि कसल्या भाषेत लिहून ठेवलं आहे, ते मी पाहिलं आहे.

जातीच्या रकान्यावरून आठवलं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली. महसुलाचे कागद, मोडीतले दस्त, आणि शाळांची जनरल रजिस्टरं. माळ्यावर शिड्या लागल्या. इतकी वर्षं 'ती जुनी घाण' म्हणून ओळखली जाणारी बाडं एकाएकी तिजोरीत ठेवायच्या लायकीची झाली आणि लाखो नोंदी मिळाल्या. त्या धांदलीत एकच रकाना वाचला गेला. शेजारचे रकाने त्याच पानावर होते, ते कुणी वाचले नाहीत. असो, पण जे आरक्षणासाठी चार-सहा महिन्यांत करता आलं, ते मुलांच्या इतिहासासाठी सावकाशीने चार-सहा वर्षांत करायला काय हरकत आहे?

जनरल रजिस्टर कायम जपायचं, असा दंडक आहे आणि शाळा तो सहसा पाळतात, कारण दाखल्यासाठी साठ वर्षांचा माणूसही परत येतो. धोका वेगळाच आहे. मराठी शाळांची पटसंख्या उतरली, शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली, की रजिस्टरं टेम्पोत बसून पलीकडच्या शाळेत जातात. तिथल्या कारकुनाला ती परकी. इमारत पुनर्विकासात निघाली की ती तात्पुरत्या जागेत, तीही बहुतेक तळमजल्यावर. मुंबईत तळमजला म्हणजे २६ जुलै २००५ सारख्या दिवशी काय होतं, ते मी सांगायला नको. आणि रजिस्टरं वाचली तरी बाकीचं वाचत नाही. हजेरीपट, रजेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे मुदतीनंतर फाडायचेच कागद. सरकारी कार्यालयात कागद अ, ब, क, ड असे लावतात. अ कायमचा, ड वर्षभराचा. मुलांचे कागद 'अ'मध्ये क्वचित जातात. सार्वजनिक अभिलेखांचा राज्याचा २००५ चा कायदा आहे, पण ट्रस्टच्या कपाटापर्यंत व्यवहारात त्याचा हात पोचत नाही.

तरुणांची गत जरा वेगळी. त्यांच्यापैकी ज्यांच्या मागे पोलीस लागले ते आपल्या दफ्तरात सुखरूप आहेत. गृह खात्याच्या 'स्पेशल' फायलींमुळे १९३० आणि १९४२ मधले विद्यार्थी, प्रभातफेऱ्या, पत्रकं, सगळं तारीखवार सापडतं. १९२८ मध्ये युसुफ मेहेरअली यांनी उभी केलेली यूथ लीग असो, की ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणारी बावीस वर्षांची उषा मेहता, त्यांच्या हालचाली टिपायला सरकारने पगारी माणसं ठेवली होती. पण ज्यांच्यावर कुणी पाळत ठेवली नाही त्या तरुणांचं काय? १९११ मध्ये ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रवर्गांत कोण बसायचं? व्यायामशाळांच्या वर्गणीच्या वह्या, चाळीतल्या मंडळांच्या वाचनालयांची देवघेवीची रजिस्टरं, वसतिगृहांच्या प्रवेशयाद्या, हे सगळं खासगी आणि म्हणून बेवारस. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांमधून जी पोरं वावरली त्यांतल्या काहींनी १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरला आवाज दिला. अशा वसतिगृहात कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यातून कोण आलं, ही साधी यादीसुद्धा महाराष्ट्राच्या विचारांचा इतिहास आहे. बीडीडीच्या २०७ चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. त्यांचा पुनर्विकास सुरू आहे आणि लोकांना चांगली घरं मिळताहेत, याचा आनंदच आहे. पण तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीतलं लाकडी कपाट नव्या टॉवरमध्ये कोण नेणार? त्याला चावी कुणाची, हेच आधी कुणाला माहीत नसतं.

मुलांनी स्वतः लिहिलेलं तर सर्वांत कमी. मराठीत मुलांसाठी मासिकं लवकर निघाली. अमेरिकन मिशनचा 'बालबोधमेवा' १८७३ चा, वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा. पण तो मोठ्यांनी मुलांना केलेला उपदेश आणि करमणूक. मुलांचं लिहिणं शाळेच्या हस्तलिखितांत आहे. आमच्याकडे दरवर्षी एक निघायचं : कार्डशीटचं मुखपृष्ठ, शाईने रेखलेली चौकट, चित्रकलेच्या सरांनी काढलेली शारदा. पहिली पंधरा पानं निबंधछाप. पण मध्येच आठवीतल्या एका मुलीने चाळीतल्या नळावर लिहिलेलं होतं. पहाटे रांगेत आपली कळशी ठेवून ती तिथेच दिव्याखाली भूगोल पाठ करते; पाणी आलं की शेजारच्या आजींची कळशी आधी भरते, कारण आजी भांडत नाहीत; आणि परीक्षेच्या दिवसांत आईला न सांगता नंबर विकत देते, दहा पैशाला. कोणत्याही अहवालात ही बाजारपेठ सापडणार नाही. ते हस्तलिखित कपाटात होतं, मग कपाटावर गेलं, मग रंगकामाच्या वेळी गेलं ते गेलंच. हस्तलिखित कोणत्याच वर्गात बसत नाही, ना अ, ना ड. त्याला नोंदच नाही, त्यामुळे हरवल्याचीही नोंद नाही.

आताच्या मुलांचं काय, असं कुणी विचारेल. २०१५ पासून सगळं 'सरल' या शिक्षण खात्याच्या संगणकीय नोंदणीवर, मग यू-डायस या तशाच देशपातळीवरच्या नोंदणीवर. माहिती भरपूर आहे, पण कारण ठरावीक पर्यायांतून निवडायचं असतं. संगणक 'आई आजारी, घरी धाकटी भावंडे' असं लिहू देत नाही. त्याबद्दल आपण काही करू शकाल असं मला वाटत नाही. निदान प्रत्येक शैक्षणिक वर्षाची एक प्रत आपल्याकडे कायमची यावी, एवढं शिक्षण खात्याला कळवता येईल.

वांद्रे-कुर्ला संकुलात नवं पुराभिलेख भवन बांधण्याची घोषणा झाली आहे, ते लवकर होवो. मात्र कपाटं तोपर्यंत थांबणार नाहीत. म्हणून मागणी जागेची नाही, यादीची आहे. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या शाळेला, वसतिगृहाला, बालगृहाला, बालरुग्णालयाला एका पानाचा फॉर्म पाठवा : तुमच्याकडे मुलांच्या कोणत्या नोंदवह्या आहेत, कोणत्या सालापासून, कोणत्या लिपीत, कुठे ठेवल्या आहेत, चावी कुणाकडे. महापालिकेच्या शाळांसाठी बीट ऑफिसरांमार्फत हे सहज होईल, अनुदानित शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांमार्फत. शाळेची किंवा वसतिगृहाची इमारत रिकामी करायची परवानगी देताना आपल्या कार्यालयाला आगाऊ कळवावं, अशी अट महापालिकेने घालावी म्हणून आपण पत्र द्यावं. स्कॅनिंग नंतर. यादीआधी स्कॅनिंग केलं की ठेकेदार हाताला लागेल ते स्कॅन करतो, हार्ड डिस्क कपाटात जाते आणि 'आता झालं ना स्कॅन' म्हणून मूळ वही भंगारात जाते. हा क्रम मी जवळून पाहिला आहे, एका नावाजलेल्या संस्थेत. नाव घेत नाही.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न येईल. आमच्यासारखे निवृत्त कारकून आणि शिक्षक या शहरात ढिगाने आहेत. जुन्या मास्तरांचं वळणदार अक्षर, 'इ.' म्हणजे इयत्ता की इत्यादी, लाल शाईतल्या आडव्या रेघेचा अर्थ, 'ना. क.' म्हणजे नाव कमी, हे आम्हाला विचारावं लागत नाही. थोडी मोडी वाचणारेही निघतील. येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचा चहा यावर आमच्यातले बरेचजण बसतील, मी बसेन. फक्त पत्रावर आपली सही आणि शिक्का हवा, नाहीतर शाळेचा शिपाई आम्हाला कपाटाजवळ उभं करणार नाही, आणि त्याने करूही नये.

हे पत्र मंजूर होऊन फॉर्म निघायचे असतील तर ते मार्चअखेर निघावेत. मे महिन्यात ऑफिसं उघडी असतात, वर्ग रिकामे असतात आणि बाडं उन्हात पसरून बघायला गच्ची मोकळी मिळते. जून लागला की प्रवेशाची झुंबड सुरू होते, मग शाळेच्या ऑफिसातल्या कुणालाही मान वर करायला फुरसत नसते.

कळावे,

आपली विश्वासू,
परळ-लालबाग भागातल्या एका अनुदानित शाळेची निवृत्त वरिष्ठ लिपिक

प्रत माहितीसाठी : शिक्षणाधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबईतल्या जुन्या शाळा, वसतिगृहे व बालगृहे यांचे मुख्याध्यापक, अधीक्षक आणि विश्वस्त.